‘येतो’ म्हणून निघालो

३ सप्टेंबर
परदेशातली अकरा वर्षं संपली. ही आणि मुलं जूनमध्येच पुढे गेली. मी १८ सप्टेंबरला. निरोपाचा चार्ट करून फ्रिजवर लावला. अकरा वर्षं फॅक्टरीच्या प्लॅनिंग खात्यात काढली, एक ऑर्डर लेट गेली नाही. सीक्रेट एकच, बफर. चार्टवर तारीख नेहमी खरीच्या महिनाभर आधीची टाकायची.
संकल्प: प्रत्येक मित्राला वीस मिनिटं. घरातली एक वस्तू आठवण म्हणून द्यायची, ‘येतो’ म्हणायचं आणि निघायचं. रडारड नाही. मी मनाने खंबीर आहे, काळजी बाकीच्यांची वाटते.

६ सप्टेंबर
लंबू. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसतो, अकरा वर्षं डबा एकत्र खाल्ला. त्याला गादी दिली. वीस मिनिटांचे तीन तास झाले, कारण माझं भाषण लांबलं. डोळ्यांत पाणी आलं ते गादीच्या धुळीमुळे. लंबू शेवटी शेवटी गादीची लांबी मोजत होता. माणूस दुःखात काहीतरी हाताला काम शोधतोच.

९ सप्टेंबर
खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. किटली दिली. ‘येतो’ म्हणालो. त्यांनी मिठी मारली आणि सवयीने खांद्याचं माप घेतलं. पुन्हा धूळ.

११ सप्टेंबर
समोरच्या मास्तरीणबाई, रिटायर्ड. टेबल-खुर्ची आणि कुंड्या दिल्या. बाई पोटभर रडल्या. मी धीर दिला. मग त्यांनी मला धीर दिला.

१४ सप्टेंबर
ऑफिसचा निरोप समारंभ. साहेब म्हणाले, माझी जागा भरून निघणं अशक्य. नवीन माणूस माझ्याच खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता.

१८ सप्टेंबर, सकाळी १०
एअरपोर्ट. काउंटरवरच्या मुलीचं म्हणणं, तिकीट १८ ऑक्टोबरचं आहे. तिला शांतपणे समजावलं. तिने माझंच तिकीट माझ्यापुढे धरलं.
हिला फोन केला. ती म्हणाली, “अहो, तुम्हीच म्हणालात ना, चार्टवर महिनाभर आधीची टाकतो म्हणून?”
बफर माझाच. फसलो तोही मीच. सिस्टीम किती परफेक्ट आहे ते यावरून दिसतं.

दुपारी २
घर सुदैवाने ऑक्टोबरअखेरपर्यंत आपलंच आहे. संकल्प: महिनाभर अज्ञातवास. एवढ्या रडारडीनंतर (त्यांच्या) पुन्हा तोंड दाखवणं शक्य नाही.

१९ सप्टेंबर, सकाळी ७
अज्ञातवास संपला. गादी नसल्यामुळे बबल रॅपवर झोपलो. कूस बदलली की फटाफट आवाज. खाली शिंपीकाकांना वाटलं, रिकाम्या घरात चोर शिरला. पहाटे कापड मोजायचा लाकडी गज घेऊन दारात उभे. माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, “येतो म्हणालास, आलास. शब्दाचा पक्का आहेस बाबा.” मग खाली जाऊन माझ्याच किटलीत चहा करून आणला.

२० सप्टेंबर
सगळ्यांना कळलं. लंबू गादी घेऊन आला. त्याला तिची सवय झाली होती असं तीनदा म्हणाला. बाई म्हणाल्या, “माझं रडणं फुकट गेलं.” खुर्ची मात्र दिली. टेबलावर कुंड्या आहेत म्हणे.

२९ सप्टेंबर
माझ्या जेवणाचा चार्ट लंबूने केला आहे. सोमवार बाई, मंगळवार काका, बुधवार तो स्वतः, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या चार्टमध्ये बफर नाही. शिकेल.

९ ऑक्टोबर
सकाळी बाईंनी विचारलं, नक्की अठराच ना? दुपारी काकांनी तेच. संध्याकाळी लंबूने चष्मा पुसून तिकीट दोनदा वाचलं, फोटोही काढला. माझ्या जाण्याने बिचारे किती हवालदिल झालेत. दुसरा निरोप आवरता घेईन. नुसता हात हलवायचा, बस.

१८ ऑक्टोबर, एअरपोर्ट
तिघंही आली. मी म्हणालो, पोहोचवायला कशाला एवढा त्रास घेतलात? लंबू म्हणाला, “पोहोचवायला नाही. खात्री करायला आलोय.” बाईंनी काउंटरवर जाऊन स्वतः तारीख विचारून घेतली.
रडलं कोणीच नाही. त्यांचं सप्टेंबरमध्येच उरकलं होतं. मी हात हलवायला म्हणून वर केला आणि हुंदकाच फुटला. धूळ म्हणायची तर तिथली फरशी आरशासारखी होती. आवरेचना. लंबूने रुमाल दिला. ही माणसं मला उद्या दिसणार नाहीत, हे मला आत्ता कळत होतं. चार्टमध्ये ते कुठेच लिहिलं नव्हतं.
काका म्हणाले, “या वेळी येतो म्हणू नकोस बाबा, जातो म्हण.” बाई त्यांच्यावर खेकसल्या, असं अभद्र बोलतात का? मग माझी कॉलर नीट करत म्हणाल्या, “येतोच म्हण. पण जरा सावकाश ये.”
‘येतो’ म्हणालो. आत आलो.

दुपारी १
विमान दोन तास लेट आहे. काचेतून पाहिलं, तिघं अजून तिथेच उभी आहेत. त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.