तारेवरची पिवळी चादर

दि. ९ फेब्रुवारी

गृहस्वामिनीस सप्रेम नमस्कार.

येथील समस्त मंडळी, म्हणजे अस्मादिक, सुखरूप आहेत. तुझे, लेकीचे व नातवाचे क्षेम कळवावे. नातू बसू लागल्याचे कर्णोपकर्णी समजले; म्हणजे बाळंतपण केव्हाच आटोपले.

बंदराचे वृत्त असे की, खोल धक्क्याला लागलेल्या महाकाय जहाजांवरील पेट्या उचलणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये अंतरिक्षस्थ देवतेप्रमाणे विराजमान असण्याचे माझे भाग्य सोमवारी संपुष्टात येत आहे. यापुढे क्रेन खालच्या वातानुकूलित खोलीतून, पडद्याकडे पाहून चालवायची. पडद्यावर पेटीचे चार कोपरे सुस्पष्ट दिसतात. आपली गच्ची दिसत नाही.

पाने वाढायची वेळ झाली की तू गच्चीच्या तारेवर पिवळी चादर टाकायचीस आणि मी तत्काळ अवतरण करायचो. इतका आज्ञाधारक देव त्रैलोक्यात नसेल. तू लेकीकडे गेल्यापासून ती चादर मीच सकाळी टाकून कामावर जातो. केवळ शिष्टाचार म्हणून.

परवा वरून पाहिले, तर तार रिकामी. मी तर वर; म्हणजे चादर काढणारे माणूस आपल्या घरात दुसरे एकच, तू. मी पेटी टेकवली, प्रकृतीचे कारण सांगितले आणि या स्थूल देहानिशी धावत जिना उतरलो.

खालचा मुकादम ओरडला, "काका, आग लागली की काय?"

"आग नव्हे, फोडणी!" मी म्हणालो.

आपल्या घराच्या दारात शेजारच्या वहिनी उभ्या होत्या, हातात चादरीची घडी. "भावजी, कोळशाची धूळ उडत होती, म्हणून काढून ठेवली. रोज ती एकच चादर काय धुता हो?"

"स्वच्छतेचे व्रत आहे," मी म्हणालो.

काल सकाळी ती चादर पुन्हा तारेवर टाकली. व्रतभंग नको, दुसरे काही नाही.

निघताना तू म्हणालीस, "तुम्ही घरीसुद्धा क्रेनवर बसूनच बोलता." मी समर्पक, अलंकारयुक्त उत्तर शोधत राहिलो आणि तुझी रिक्षा कोपऱ्यावरून वळली. ते उत्तर अद्याप सापडलेले नाही.

सोमवारपासून चादर टाकण्यात अर्थ नाही. पाहणारा वर नसेल. संध्याकाळी घरी पोचल्यावरच काय ते कळेल, दार आतून उघडते की मलाच कुलूप काढावे लागते.

करमत नाही गं. ये.

खाली उतरलेला,
तुझाच