वाकड्या हाडाची कोंबडी

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या मोठ्या भावाला दवाखान्यातून घरी आणलंय. औषधं सुरू आहेत, चिडचिडही सुरू आहे. सूप अळणी झालं म्हणून काल माझ्यावर डाफरले, म्हणजे तब्येत बरी म्हणायची.

पत्राचं कारण एक कोंबडी. परसातल्या यंदाच्या पिल्लांमधली ही काळी पोर अशी काही निघाली की शेजारीण कुंपणावरून बघत राहते. तुरा नीट उभा, पिसांना तेल लावल्यासारखी चमक. हातात घेतली की फडफडत नाही, मान वर करून आपल्यालाच न्याहाळते. कोंबड्यांच्या प्रदर्शनाला हिलाच पाठवायची, असा ह्यांचा हट्ट आहे. परीक्षक तुम्ही आहात हे कळल्यापासून तर जास्तच.

मागच्या वेळचं मी विसरले नाही. चारचौघांत तुम्ही ह्यांचा कोंबडा बाद केलात. शेपूट एका बाजूला कलली होती, तुमचं बरोबरच होतं. हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सख्ख्या भावाने बाद केला, हे जिव्हारी लागलं. तेव्हापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत आणि ह्यांनी बोलावलं नाही. हट्टाला दोघेही सारखेच.

परवा ह्यांनी कोंबडी मांडीवर घेतली, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाले, "अगदी सरळ आहे. धाकट्याला खोट काढायला जागा नाही."

तिला खुराड्यात ठेवताना मी सहज बोट फिरवलं. हाड मधोमध वळलंय, भाऊजी. माझ्यासारखीलाही कळलं. पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांना बारीक दांडीवर बसू द्यायचं नाही, रुंद फळी द्यायची, हा ह्यांचा नियम. यंदा दवाखान्याच्या धावपळीत फळी टाकायची राहिली आणि कोवळं हाड दांडीवर दबलं. चूक माझीच.

पण मला रडू आलं ते त्यासाठी नाही. डोळे मिटून नुसतं चाचपून कोंबडीतली खोट सांगणारा हा माणूस, त्याच्या बोटांना आता काही कळत नाही. औषधांनी बधिर झालीत. शर्टाची बटणं मी लावते, चहाचा कप मी धरते. डॉक्टर म्हणाले, आता औषधं बंद केली तरी चालेल. त्याचा अर्थ मी विचारला नाही. तुम्हीही विचारू नका.

हाडाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. काल म्हणाले, "धाकट्याने हातात घेतली की त्याला कळेल ना, आपल्या घरची आहे म्हणून?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, बक्षीस त्यांना नकोच आहे.

म्हणून मीच कळवते: कोंबडी बाद आहे. ती प्रदर्शनाला येणार नाही. भावाला पुन्हा नाही म्हणायची वेळ मी तुमच्यावर आणणार नाही. तुम्हीच इकडे या. प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, तेवढं थांबू नका.

आल्यावर हाडाबद्दल काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. खोटं बोललात तर मी ऐकलंच नाही असं समजेन. खरं बोललात आणि दोघं भांडलात तरी चालेल, पण जवळ बसून भांडा. आणि हात धराल तेव्हा घट्ट धरा. हळू धरलेलं त्यांना कळत नाही.

तुमची वाट बघणारी,
वहिनी