लुबानचा दूधभात

१४ जून, शनिवार

आणला! आता माझ्या बुटात झोपलाय.

ऑफिसातल्या सफाची रियाधला बदली झाली, तिचा पाळीव फेरेट आता माझा. लांबुळका, सायीच्या रंगाचा, नाव लुबान. चालत नाही — सांडल्यासारखा वाहतो.

आईने दारातच हात जोडले. "अगंबाई, मुंगूस! किती शुभ!" मुंगूस नाही, हे मला माहीत होतं. बोलले नाही.

त्याच्या झोपेचं सांगितल्यावर बापू म्हणाले, "अठरा तास झोपतो? मग हा पाळलेला नव्हे, मालकच!"

"खातो काय?" आईने विचारलं.

"तू देशील ते."

खोटं! फेरेटला मांसच लागतं. आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

१५ जून

पाचवीपर्यंत मला आईनेच शिकवलं, बापूंच्या रास अल खोर भागातल्या गोदामात, मिरचीच्या पोत्यांवर बसून. पहिला धडा — अर्धं खरं म्हणजे अख्खं खोटं.

कालची दोन झाली.

१९ जून

सफाने डब्यात भरून दिलेलं कोरडं खाणं संपलं. आईला सांगितलं होतं, औषधाच्या गोळ्या आहेत. तीन खोटी झाली.

आईने दूधभात कालवला. लुबानने हुंगला आणि माझ्याकडे पाहत बसला.

२१ जून

दुपारी उचलला तर मान लोंबली. हाका मारल्या, हलवलं — काही नाही. मी किंचाळले. मग एक लांब जांभई! फेरेट असेच झोपतात म्हणे, मेल्यासारखे.

त्याच्याशेजारी फरशीवरच आडवी झाले. खिडकीबाहेर धूळ, आमच्या इंटरनॅशनल सिटी वसाहतीच्या इमारती एकेक करून विरघळत गेल्या. एसीची घरघर पाण्यासारखी. वाटलं, आपण दोघं कुठल्या तरी पांढऱ्या नदीच्या तळाशी आहोत आणि तिथे कुणी काही विचारत नाही.

२४ जून

डॉक्टर म्हणाले, "दूधभातावर हा महिना काढणार नाही." फासळ्या बोटांना लागतात.

येताना सुपरमार्केटमध्ये चिकनसमोर अकरा मिनिटं उभी होते. पाकीट हातात घेतलं — गार, गुलाबी. परत ठेवलं. आई घरात आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा मजकूर वाचते. इंग्रजी मला तिने तशीच शिकवली.

सफाला फोन केला. "यार, मम्मी को बोल दे ना, खलास!"

खलास म्हणे, विषय संपला! हे बिऱ्हाड आईने सोळा वर्षं सोवळ्यात ठेवलंय. ती म्हणेल, देऊन टाक त्याला.

२५ जून

आज सांगणारच होते. जेवताना तोंड उघडलं.

"पोळी हवी?" आईने विचारलं.

"हो."

पोट भरलं होतं. चार.

३० जून

लुबान नाचला! पाठीची कमान करून, आडवा आडवा उड्या मारत, भिंतीवर आपटून, पुन्हा. वाटी चाटूनपुसून स्वच्छ.

"बघ, घरचं अन्न मानवलं," आई म्हणाली. तिचे केस ओले होते.

"आत्ता आंघोळ?"

"उकडतं गं फार."

एसी बावीसवर होता.

२ जुलै

लिफ्टमध्ये समोरच्या मैमुनाबी भेटल्या. "तुम्हारी अम्मी अब रोज़ आती हैं. अच्छा लगता है."

आई? जी कुणाकडे पाणीही पीत नाही? बरं झालं, तिला मैत्रीण मिळाली.

५ जुलै

पुन्हा डॉक्टर. "वजन वाढलं! चिकन सुरू केलंत ना? शाबास."

मी होकारार्थी मान हलवली. पाच.

घरी येताना लुबान माझ्या बाहीत शिरून झोपला, मनगटावर त्याचा श्वास. दूधभातावर कसा वाढला? चमत्कार असेल तर माझ्या खोट्याने विटाळेल. उद्या आईला सगळं सांगायचं. द्यावा लागला तर देईन.

६ जुलै

एकादशी. आईचा कडक उपास. फराळाआधी सांगायचं ठरवलं.

तेवढ्यात लुबान सोफ्याखाली काही ओढत नेताना दिसला. वाकून पाहिलं — त्याचा खजिना! माझा मोजा, बापूंच्या पेनाचं टोपण. आणि एक पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा. बोटांना कच्च्या मांसाचा वास. मनगटाशी घसरू नये म्हणून गुंडाळलेलं केसांचं निळं रबर. आईचं.

बाथरूममध्ये पाणी वाजत होतं. आजसुद्धा!

हातमोजा होता तिथेच ठेवला.

आई बाहेर आली, केस निथळत. "काय शोधतेस गं?"

"काही नाही."

हे मी मोजलं नाही.