अपक्ष उमेदवार मोतीलाल यांच्या कपाटाची व्यवस्था

मी मोतीलाल हजारीमल झंवर, वय एकाहत्तर, धंदा किराणा, राहणार सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत व डॉक्टरांचा दाखला जोडून लिहून ठेवतो की, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीचे आहे. कोणाचाही दबाव नाही. पक्षाचा तर मुळीच नाही.

१. राहते घर पत्नी सुमित्राबाई हिला. तिच्यानंतर मुलगा धीरज व सून गुंजन यांना सारखे. दुकान धीरजला. मात्र दुकानासमोरचा ओटा कोणत्याही पक्षाच्या सभेला देऊ नये. तो ओटा, माझी जीप आणि माझा चहा पक्षाने वर्षानुवर्षे वापरला, आणि २००१ साली मी नगर परिषदेचे तिकीट मागितले तर म्हणाले, "शेठ, तुम्ही बाहेरचे." राजस्थानातून आले ते माझे आजोबा. माझा जन्म इथल्या स्टेशनामागचा. तिकीट नत्थूजी ढगे यांना मिळाले. मी रागाने अपक्ष उभा राहिलो.

२. चिन्ह मिळाले कपाट. घरातले लोखंडी कपाट बैलगाडीवर चढवले. सुमित्राने ते रिकामे करू दिले नाही, त्यामुळे तिच्या साड्याही प्रचाराला निघाल्या. दाराची कडी मोडकी. दर चौकात दार आपोआप उघडायचे आणि साड्या बघायला बाया जमायच्या. ती गर्दी पाहून नत्थूजींना घाम फुटला होता, हे मी शपथेवर सांगतो.

३. तरी पडलो, ते मोठे बंधू भैयाजी यांच्यामुळे. देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचा चांगला मुहूर्त म्हणून त्यांनी मुलगी अंजूचे लग्न मूळ गावी, राजस्थानात ठरवले, ते नेमके मतदानाच्या दिवशी. आमच्यात लग्नाला न जाणे म्हणजे संबंध तोडणे. समाजातले माझे सगळे हक्काचे मतदार आहेर घेऊन रेल्वेत बसले. नत्थूजी चौकात ओरडत फिरले, "पाहा, म्या सांगतलं व्हतं ना, हे लोक बाहेरचे! मतदानाले एक तरी हाय काय गावात?" भैयाजींना माझ्या इस्टेटीतून फक्त त्या वर्षीचे रेल्वेचे वेळापत्रक द्यावे.

४. यंदा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. आता तोच पक्ष गुंजनला तिकीट द्यायला दारात येऊन बसतो. धीरज म्हणतो, घ्यावे. गुंजन आमच्याच जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या दुकानदाराची लेक. ती म्हणाली, "बाबूजी, पार्टीकडून जितली तं त्यांच्यामुळं, अन् हारली तं मी बाहेरची. त्यापेक्षा अपक्षच बरी." सबब कपाट गुंजनला. साड्या सुमित्राच्याच. नत्थूजींचा त्या कपाटावर फार दिवसांपासून डोळा आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, म्हणून नत्थूजींनाच मुद्दाम साक्षीदार केले आहे.

५. मतदानाच्या दिवशीच मेलो तर मला ओट्यावर ठेवावे. सगळ्यांनी आधी बोटाला शाई लावून यावे, मग खांदा द्यावा. अस्थी राजस्थानात नेऊ नयेत. पवनारला धाम नदीत सोडाव्यात. त्यानंतर तरी मी कुठला, असे कोणी विचारू नये.

स्थळ: सिंदी (रेल्वे)
दिनांक: १८ सप्टेंबर २००६
सही: मोतीलाल हजारीमल झंवर

साक्षीदार:
१. बबनराव काकडे, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. नत्थूजी ढगे, शेतकरी (सही). वाचलं. कपाट मले भेटत नाई, समजलं. शेठ आपल्या सिंदीचाच हाय, हे लिहून देतो. पह्यला खांदा माहा.