पुसलेले निरोप

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले की रडूच येतं, म्हणून लिहिते. आपल्या टिकलीला जाऊन आज नऊ दिवस झाले. ती कामाला होती त्या गोदामाचा मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटलाय, की सामानाच्या लिफ्टचं दार ठणठणीत होतं, पोरगीच धांदरट, समोर न बघता पाऊल टाकलं आणि खाली पडली. धांदरट! माझ्या शिवणाच्या सुया रोज मोजून डबीत ठेवणारी पोर ती.

ते दार लागत नाही याचा व्हिडिओ तिने आठवडाभर आधी त्याला पाठवला होता. तो म्हणतो, मला काही आलंच नाही. व्हिडिओ तिच्या फोनमध्ये आहे. इस्पितळाने तो फोन माझ्या हातात दिला. काचेला तडा गेलाय, पण चालतो. मी रोज उघडते आणि तिचे जुने निरोप ऐकत बसते. तुझे भाऊजी ताटावर बसतात आणि तसेच उठतात.

आम्ही एक वकीलबाई गाठल्यात. तू कोर्टासाठी असलेच फोन तपासतोस ना? लहानपणी बाबांचा रेडिओ तू खोललास आणि बोलणी मी खाल्ली. त्याची फेड आता कर.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. रेडिओचं मान्य आहे. पण आधी कामाचं लिहितो.

फोन आता उघडू नकोस. तिचा आवाज ऐकायलासुद्धा नाही. मी काय मागतोय ते मला कळतंय, ताई. फ्लाइट मोडवर टाकून बंद कर, नाहीतर गोदामाचं खातं त्यात असलं तर कुणी दुरूनही काही पुसू शकेल. वकीलबाईंच्या हातून सीलबंद पाकिटात आमच्या प्रयोगशाळेकडे येऊ दे. मी त्याला बोटही लावणार नाही. मामाने तपासलेला फोन कोर्टात कोण मानेल? शेजारच्या टेबलावरची बाई तपासेल, ती माझ्याहून कडक आहे. आतलं सगळं जसंच्या तसं उतरवून ती त्या प्रतीवरच काम करते. प्रतीचा एक लांबलचक आकडा निघतो. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा जुळत नाही. अंगठ्याचा ठसाच म्हण.

आणि एक वही कर. फोन हाती आल्यापासून कुणी, कधी, कशासाठी उघडला, सगळं लिही. रडायला म्हणून उघडला असशील तर तसं लिही. काही गाळू नकोस. समोरचा वकील नेमकं तिथेच बोट घालतो.

भाऊजींना चार घास बळेच भरव, आणि तूही खा.

तुझाच,
धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन गेला. वकीलबाईंनी पाकिटावर लाख लावली, मी सही केली. माझीच सही मला ओळखू येईना.

वहीत मी अकरा वेळा फोन उघडल्याचं लिहिलं. खरं तर बारा वेळा. तुझ्यापासून काय लपवू? त्या सकाळी टिकलीने गोदामातून मला निरोप पाठवला होता, बोलून. दार आजही लागत नाहीये, मॅनेजर म्हणतो चालवून घे, मला भीती वाटते, मी घरी येऊ का, असं विचारत होती. मी तिला उलट निरोप धाडला. म्हटलं, नाटकं पुरे झाली, जगात सगळेच काम करतात, गुमान कामाला लाग. त्यानंतर पंचवीस मिनिटांत ती गेली.

ह्यांनी ऐकू नये म्हणून चार तारखेच्या दुपारी मी ते सगळं तिच्या फोनमधून पुसलं, माझ्याही फोनमधून पुसलं. पुसलं म्हणजे गेलंच ना? तेवढं राहू दे रे. तुझ्या त्या बाईला सांग.

तुझी करंटी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

मी तिला काही सांगणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

पुसलेलं लगेच जात नाही, ताई. त्या जागेवर दुसरं काही येईपर्यंत ते तिथेच पडून असतं. तिला ते बहुधा सापडेलच. ते पुसलंय, कधी पुसलंय, हेही दिसेल. आपण आधी सांगितलं तर ती एका आईची चूक. त्यांनी शोधलं तर लबाडी, आणि मग व्हिडिओही खोटा ठरवतील. दार नादुरुस्त आहे हे त्याच दिवशी, त्याच सकाळी, तिच्याच तोंडून निघालंय. याहून मोठा पुरावा नाही. तू नेमका तोच पुसलास.

वहीत बारावी नोंद कर. तुझा फोनही वकीलबाईंकडे दे. आणि भाऊजींना कोर्टाआधी तू स्वतः सांग.

तुला कठोर वाटेन. तो फोन ठेवलाय त्या कपाटासमोरून मी रोज जातो. पाकिटावर तिचं नाव नाही, नुसता नंबर आहे. तो नंबर मला पाठ झालाय.

तुझ्यावर तसूभरही न रागावलेला,
धाकटा


२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

काल निकाल लागला. दोष मॅनेजरचा आणि गोदामाचा ठरला. टिकलीच्या माथ्यावरचं धांदरटपण कोर्टाने पुसून टाकलं.

साक्षीच्या दिवसाचं आज लिहिते, इतके दिवस धीर झाला नाही. मी पिंजऱ्यात उभी राहून बारावी नोंद वाचून दाखवली. त्यांच्या वकिलाने माझी सालटी काढली, पण तुझ्या कडक बाईने आकडा जुळवून दाखवला आणि तो खाली बसला. मग निरोप लावले. आधी तिचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी ऐकला रे. मग माझा. माझ्या आवाजामागे शिवणाचं मशीन खडखडत होतं. लेकीला असं बोलताना मी पायसुद्धा थांबवला नव्हता.

ह्यांना मी सांगितलंच नव्हतं. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले. तिथे सगळ्यांबरोबर त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, त्यावर पोरीने काही म्हटलं का?

तुलाही मी दोनच निरोप सांगितले होते. तिसराही होता, लिहिलेला, म्हणून कोर्टात वाजला नाही. वकीलबाईंकडून अहवाल मागून घेतला आणि ते पान ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि हळू वाचलं. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तिने लिहिलं होतं, ‘बरं आई.’

तेव्हापासून हे माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. जमलं तर येऊन जा.

ताई