मधून उठायचं नाही

बाबा, परवा आपल्या जबलपुरात मेटल वाजलं आणि तुमच्यामुळे माझी पार वाट लागली. रागावू नका, किंवा रागवा, आता काय फरक पडतो. मेटल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो आणि माझ्या कानांत तोवर तुमचा तबला आणि मंडळाच्या गणपतीतल्या आरत्या एवढंच होतं. मेटल म्हणजे दोन गिटार, एक ड्रमवाला, आणि एक माणूस जो गात नाही, गुरगुरतो. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, हे तर आमच्या फॅक्टरीतलं मशीनींचं शॉप आहे, यासाठी तिकीट काढून काहून जायचं? पण ड्रमवाल्याकडे तुम्ही बघत राहिला असता. मला माहीत आहे. दोन्ही पाय, दोन्ही हात, चौघांचं काम वेगवेगळं, आणि मधेच सगळे एका जागी येऊन आदळतात. छातीच्या फासळ्या हलतात. पहिल्यांदा नागपुरात ऐकलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर गेला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. आजूबाजूला पोरं मान तुटेपर्यंत डोकी हलवून राहिलेली, आणि मी मात्रा मोजून राहिलो. ही सवय तुमची.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मंडळाच्या हॉलमधला? नागपूरहून गाणाऱ्या बाई आल्या होत्या, तुम्ही साथीला. विलंबित एकताल, एक आवर्तन संपता संपत नाही. खाली बटाटेवडे तळून राहिले होते, वास थेट वर येत होता. मी उठलो. दाराशी पोचून मागे वळून पाहिलं तर तुमचे हात चालूच, पण डोळे माझ्यावर. बस, तेवढंच. वडा हातातच गार झाला. घरी आल्यावर तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "मधून उठलास. गाणाऱ्या माणसाला आपण पाठ दाखवत नाही. सम आली की उठ, तेव्हा माणूस मोकळा असतो." ओरडला नाहीत. ओरडला असता तर विसरलो असतो. मग दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आईचा पोळपाट उलटा करून मला मात्रा मोजायला शिकवलंत, पेरांवर अंगठा कसा फिरवायचा, आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं ती सम कशी आधीच कळते. आई लाटणं घेऊन उभी. "पोळपाट द्या इकडे, का पोळ्या तुमच्या टकलावर लाटू?" तुम्ही म्हणालात, "थांब, आवर्तन पुरं होऊ दे." आई आजही हे सांगून हसते. मला आजकाल हसू येत नाही.

कॉलेज मी तिसऱ्या वर्षी सोडलं. मामा सांगत फिरतो की पोरगा मधून उठून आला. म्हणू दे. त्या वर्गांत मला कधी सम दिसलीच नाही, बाबा, नुसती घोकंपट्टी. आता राइट टाउनमधल्या एका कोचिंगच्या ऑफिसात बसतो, पोरांच्या फिया घेतो, माइक बिघडला तर नीट करतो. तिथेच एक पोरगी भेटली. बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती, कांचघर मोहल्ल्यातून स्कूटीवर यायची, अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर असं एक चित्र की बाकीच्या पोरी तिच्या शेजारी बसायच्या नाहीत. मी विचारलं, ये बँड सुना भी है या सिर्फ पहना है? ती म्हणाली, "काय बड्डे, फीस लेने का काम है ना, फीस लो." बड्डे तर इथे कुणाही दादा-भाऊला म्हणतात, पण त्या दिवसापासून माझं काही खरं नाही.

मग नागपुरात शो लागला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत, उघड्या मैदानावर. तिने घरी सांगितलं, परीक्षेचं सेंटर नागपूर आलंय. आम्ही वेगवेगळ्या डब्यांत बसून गेलो आणि इटारसीला चहा प्यायला एका ठिकाणी भेटलो. त्या चहाची चव अजून तोंडात आहे, आणि तो चहा वाईट होता. मैदानात ती अगदी पुढे, केस मोकळे, कोपर मारत जागा करून राहिलेली. मी तिच्या मागे. शेवटचा बँड उतरला आणि त्यांनी ते लांबलचक गाणं धरलं. मी मोजायला लागलो. सात, मग आठ. पंधरा! तुमच्या सवारी तालासारखं. तिच्या कानात ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "तू यहाँ भी फीस गिन रहा है?" पण हसली. मग तिने फोन बघितला आणि हसू गेलं. "चल, गाड़ी छूट जाएगी."

मी म्हणालो, ये वाला ख़त्म होने दे. बीच में नहीं उठते.

"उठते? बड्डे, हम तो दो घंटे से खड़े हैं."

तरी मी हललो नाही. तिचा हात धरून ठेवला. म्हटलं आता सम येईल, आता येईल, आणि ड्रमवाल्याने तिथेच एकट्याने वाजवायला सुरुवात केली. काय वाजवलं ते, बाबा. तुम्ही असता तर तुम्हीही उठला नसता. स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाटावर फक्त केळीवाला. बसने रात्रभर हाडं खिळखिळी करत आलो, आणि सकाळी बस स्टँडवर तिचा भाऊ उभा, गाडी सुटल्याचं तिनेच घरी कळवलं होतं. त्याने तिच्या टी-शर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यही है तेरा सेंटर?" मी गप्प बसायला हवं होतं. मी त्याची कॉलर धरली. माझं हे असंच आहे, डोकं नंतर येतं, हात आधी पोचतात. ती मधे पडली आणि त्याच्यासोबत निघून गेली. नंतर एकच मेसेज आला, की गाडी सुटली त्याचं काही नाही, कॉलर कशाला धरलीस. मग कोचिंग बंद, फोन बंद. पुढे कुणाकडून तरी कळलं की परीक्षा पास झाली, पुण्याला बँकेत पोस्टिंग आहे.

आता परवाचं. एका मॅरेज गार्डनमध्ये इथल्याच पोरांनी शो ठेवला. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या, त्या कोपऱ्यात सरकवून मधे ड्रम लावलेला. मागे झालरी, त्यांवर कापसाची दोन बदकं तशीच. गार्डनचा मालक पहिल्या गाण्यापासून येऊन सांगत होता, "भैया, कुछ नाचने वाला बजा दो, आसपास फैमिली लोग रहते हैं." आम्ही जेमतेम पन्नास जण. आणि त्यात ती. पुण्याहून सुट्टीवर आलेली, मामेबहिणीसोबत, माझ्या पुढे, थोडी डावीकडे. मागे वळून पाहिलं तिने. राग नव्हता चेहऱ्यावर. पोरांनी स्वतःचं गाणं सुरू केलं होतं, जबलपुरात बसून केलेलं, कच्चं पण इमानदार. त्या गाण्याच्या मधेच ती वळली, माझ्या शेजारून गेली आणि मान हलवून म्हणाली, बाहर आ. गेटच्या दिशेने चालायला लागली.

आणि मी उभा राहिलो. अंगठा पेरांवर. मनात म्हटलं, एवढं आवर्तन पुरं होऊ दे, मग जातो. गाणं संपलंच नाही, बाबा. मालकाने जाऊन मेन स्विच पाडला. गिटार मेली, माइक मेला, नुसता ड्रमवाला थोडा वेळ अंधारात एकटाच वाजवत राहिला आणि मग त्यालाही कळलं. मग माझं डोकं फिरलं. मालकाशी भांडलो, सोनेरी खुर्ची लाथेने पाडली, पोरांनी मला मागून धरलं. गेटवर गेलो तेव्हा एक ऑटोवाला आरामात बिडी ओढून राहिला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "दो दीदी थीं, बहुत देर खड़ी रहीं, फिर चली गईं."

किती राग येतो तुमचा, माहीत आहे? मला सांगून गेलात समेवर उठ, आणि तुम्ही स्वतः? फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत, अर्धा डबा तसाच ठेवून. तो डबा आईने घासला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. शिकवणी अर्धी, तीनताल झाला, झपताल व्हायचा होता. झपताल मला अजून नीट येत नाही. तबला कपाटावर आहे, पुडीवरची काळी शाई भेगाळली. तुम्ही मधून उठलात ते चाललं, आणि मी मात्र प्रत्येक ठिकाणी खांबासारखा उभा.

काल तिचा मेसेज आला. "कल शाम की गाड़ी है, पुणे. तेरा गाना ख़त्म हो गया हो तो बता देना." मी काही पाठवलं नाही. आज दुपारपासून हे लिहीत बसलोय. आई दोनदा डोकावून गेली. आत्ता म्हणाली, "काहून लिहून राहिला इतकं? स्टेशनवर जायचं तर जा, नाहीतर गव्हाची गोणी तरी गिरणीत टाकून ये." तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

एक गोष्ट तुम्हालाच सांगता येईल. परवा मी मात्रा मोजत नव्हतो. ती वळली तेव्हाच मोजणं चुकलं होतं, पोरांचा ताल कुठला आणि सम कुठे, मला काहीच कळत नव्हतं. बोटं नुसती हलवून राहिलो होतो. गेटवर ती 'मी जातेय' एवढंच सांगेल याची भीती वाटली, आणि तुमचा नियम जवळ होता.

अजून नागपूरच्या त्या ड्रमवाल्याचं नीट सांगायचं राहिलं, आणि तुमच्या डग्ग्याला मी काय केलं तेही. पण खाली ऑटो थांबलाय, आईनेच बोलावला वाटतं. हे पुरं झालेलं नाही, बाबा. तरी उठतो.