कांजिण्या एकदाच येतात, असं आईच सांगायची

अण्णा,

तुमच्याशी वाद घालायचा तर आधी मुद्दा निश्चित करावा लागे, आणि तो एका वाक्यात मांडता आला नाही तर तुम्ही पुढचं ऐकत नसत. म्हणून आधी मुद्दा मांडते. लहान मुलाला कांजिण्या एकदाच होतात की पुन्हाही होऊ शकतात, हा प्रश्न आपल्या ओसरीवर तुम्ही एका सकाळी निकालात काढलात, आणि निकाल आईच्या विरुद्ध गेला. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे, तरी माझ्यापुरतं ते प्रकरण मिटलेलं नाही. थकवा इतका आहे, की आणखी पुढे ढकलण्यात अर्थ दिसत नाही.

निजामाच्या अंमलातलं जालना. आपलं माळवदाचं घर, ओसरीवर पक्षकारांसाठी अंथरलेली सतरंजी. कोर्टाची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि तुम्ही दोन्हींत सारख्याच कोरड्या आवाजात बोलता. गल्लीत तुम्हाला मान वकिलीमुळे होता. आईला होता तो निराळ्या कारणाने. कुणाच्या मुलाच्या अंगावर काही उठलं, की पहिलं बोलावणं तिला येई. ती मुलाला उजेडात धरी, पाठ पाही, पोट पाही, आणि गोवर, कांजिण्या की देवी, ते सांगे. कांजिण्या म्हटलं की घरातल्यांचे चेहरे सैल पडत. निघताना तिचं ठरलेलं वाक्य असे, "एकदा झाल्या की सुटलं लेकरू. पुन्हा येत न्हाईत." या शब्दावर गल्ली चालत होती. ज्यांना होऊन गेल्या, अशाच मुलांना आजारी भावंडाच्या उशाशी बसवत. मला अगदी लहानपणी त्या झाल्या होत्या, तिनेच ओळखल्या होत्या. म्हणून पुढे धाकट्याला झाल्या तेव्हा त्याच्यापाशी तिने मला बसवलं. मी तेव्हा आठ वर्षांची. तो उठून अंगणात खेळायला लागला आणि मी अंथरूण धरलं.

मी आतल्या खोलीत लिंबाच्या पाल्यावर पडले आहे. घरात बाईचा, म्हणजे मातेचा, फेरा आहे म्हणून फोडणी बंद आहे, कुणी केस विंचरत नाही. आणि बाहेर समोरच्या घरचे कापडवाले शेटजी चारपाच माणसं घेऊन आले आहेत. त्यांची सून दिवसांत होती; माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. त्यांनी जे मांडलं ते मी पुढे तर्कशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, कुणाचं ते न सांगता.

"वकीलसाहेब, कांजिण्या एकदाच येतात, हे वैनीच सांगतात. पोरीला होऊन गेल्यात, हे बी वैनीच सांगतात. मंग ह्या कांजिण्या न्हाईत. मंग देवीच की, दुसरं काय?"

त्यांचं मागणं सरळ होतं: प्लेगाच्या साथीत नदीपल्याड बांधलेल्या झोपड्यांपैकी एक अजून उभी होती, तिथे मला हलवायचं. मला देवी टोचलेल्या होत्या, पण टोचूनही देवी आलेलं मूल गल्लीने पाहिलेलं होतं. आई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "देवी न्हाई. देवीच्या पुळ्या समद्या एकसारख्या पिकत्यात. हिच्या काही सुकल्या, काही आज आल्यात. तवाबी कांजिण्याच होत्या, आताबी त्याच हायेत."

"मंग पुन्हा आल्या कशा, वैनी?"

"ते मला काय ठाऊक? आल्यात, ते दिसून राह्यलंय ना!"

तिच्यापाशी नियम होता आणि त्याविरुद्ध उभं असलेलं मूलही होतं, आणि ती दोन्हींपैकी काहीच सोडायला तयार नव्हती. तर्काच्या दृष्टीने ही जागा टिकत नाही, हे तुम्हाला तत्काळ दिसलं. शेटजींच्या दोन विधानांपैकी एक काढून टाकलं की त्यांचा निष्कर्ष कोसळणार होता. नियम काढायचा, तर गल्लीतल्या प्रत्येक आईचा धीर सुटला असता आणि शेटजी हटले नसते. तुम्ही दुसरं विधान उचललंत. एरवी तिला 'अगं' म्हणणारे तुम्ही, त्या सकाळी साक्षीदारासारखं 'तुम्ही' म्हणालात.

"पहिल्या खेपेला महिना कोणता होता?"

"वैशाख."

"वैशाखात मुलांना घामोळं येतं?"

"येतं की."

"त्यात कधी पाणी धरतं?"

"कधीमधी धरतं. पन घामोळं मला कळत न्हाई व्हय?" यावर कुणीतरी हसलं. तिने शेटजींनाच विचारलं, "शेटजी, तुमच्या पोराचं घामोळं कुनी वळखलं होतं?"

आणखी कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. "मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, की ते घामोळं नव्हतंच."

अण्णा, घरात बाईचा फेरा असताना आजारी लेकराची शपथ ती घेणार नाही, हे त्या ओसरीवर तुमच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही ते ठाऊक असूनच विचारलंत. ती गप्प झाली. तुम्ही शेटजींकडे वळलात, "पहिलं घामोळं. म्हणजे ह्या पहिल्याच कांजिण्या."

"मंग बराबर हाय," शेटजी म्हणाले. "वैनी, बिलकुल घाबरवलं की तुम्ही आम्हाला!"

मी बरी झाले. खपल्या पडल्या, गल्लीत देवीचा एकही रोगी निघाला नाही, शेटजींना नातू झाला. तुमचा युक्तिवाद सर्व अंगांनी खरा ठरला. त्यानंतर आईला कुणी मूल दाखवायला बोलावलं नाही. विहिरीवर बायका एकमेकींच्या मुलाचा गळा पाहून मोठ्याने म्हणत, "वकिलीणबाईला इच्यारा, घामोळं हाय का!" ती घागर भरून घरी येई. तुम्हाला भाकरी वाढी, ताकात मीठ घाली. तिला लोकांसमोर पाडणं भाग होतं, हे मी मान्य करते. पण दार लावल्यावर 'तुझं खरं होतं' एवढं म्हणायला कोणतं कोर्ट आडवं येत होतं? ती तुमच्यामागे पुष्कळ वर्षं जगली. तुमच्याबद्दल कधी वावगं बोलली नाही. शेजारच्या मुलाच्या अंगावर काही दिसलं, तर मात्र मान फिरवून घेई.

ती गेल्यानंतर औरंगाबादला एका मुलांच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेकांना एकदाच होतात. पण पहिल्या खेपेला मूल अगदी तान्हं असलं, किंवा पुळ्या फार थोड्या आल्या असल्या, तर क्वचित पुन्हा होतात. पहिल्या खेपेला ओळखण्यातच चूक झालेली असते, असंही पुष्कळदा निघतं, हेही त्यांनी जोडलं. म्हणजे तिचं विधान शक्य होतं, तुमचंही शक्य होतं, आणि माझ्या पहिल्या आजाराचा साक्षीदार आता कुणी उरलेला नाही. मला यापेक्षा निश्चित उत्तर हवं होतं.

इथवर लिहिलं ते तुम्हाला दोषी ठरवण्यासाठी. सारं पुन्हा वाचलं, तेव्हा एक गोष्ट मी सांगितलेलीच नाही असं दिसलं. ती सांगितल्यावर मला हे कागद तुमच्या तसबिरीपुढेसुद्धा ठेवता येणार नाहीत. मला त्या झोपडीची भयंकर भीती वाटत होती. मी आत प्रत्येक शब्द ऐकत होते, आणि शपथेपाशी आई गप्प झाली, तेव्हा तुम्ही जिंकलात म्हणून मला हसू फुटलं. ती तशीच आत आली. मी हसत होते. तिने ते पाहिलं, आणि माझा तापलेला हात पुळ्यांना धक्का न लावता अंथरुणावर नीट ठेवला.